मारुतीच्या देवळावरची रेघ

सुमन, टेम्पोत बसले तवा तू तोंडात पदर धरून उभी व्हतीस. माझी जाऊ तू, पर म्या वळून बघितलं न्हाय. सीना नदीच्या पुरानं भिंती बसवलेल्या, कडबा नेलेला. एक वली गोधडी तेवढी घेतली. हे नात लिहितीया, म्या सांगते.

चाकणला पोराची खोली तिसऱ्या मजल्यावर हाय. लिफ्ट हाय. नळाला सकाळी तासभर पाणी येतं. बादली काठापतोर भरू देत न्हाय म्या. सून हसती.

आपल्या सासऱ्यानं देवळाच्या दगडावर छिन्नीनं आडवी रेघ मारलेली, त्यांच्या वक्ताच्या मोठ्या पुराची. तुला आठवतं का? नवी सून आली की ववाळायच्या आधी तिला ती दाखवायची. मामा म्हणायचे, "हितवर आलं व्हतं. ह्याच्या वर कवा येत न्हाय." आपले दोघींचे गोठे त्या रेघेच्या दोन हात वर.

त्या दुपारी भोंग्यावर वरडत व्हते, जनावरं सोडा. तू तुझी सोडलीस. मला म्हणालीस, "अक्का, सोडा की, पवतील ती."

म्या म्हणलं, "लई शानी झालीस? मग गावभर हुडकत फीर. आपुन रेघेच्या वर हाव."

तुझे थोरले भाऊजी, आमचे हे, सोडायला निघाले व्हते. म्याच अडवलं. दोन म्हशी, एक बैल. पावसात बुजतील म्हणून दाव्याला दुसरी गाठबी म्याच मारली.

पाणी रेघेवर आलं. मग गोठ्यात. आपुन शाळेच्या गच्चीवर. म्हशी हंबरायला लागल्या तसे हे विळा घेऊन उतरले. "आलोच," म्हणले. पाणी देवळाच्या कळसावर गेलं तरी आले न्हाईत. वली गाठ सुटत न्हाय, सुमन. कापाय लागती. एक दावं कापलेलं घावलं. बाकीची दोन तशीच, माझ्या दोन-दोन गाठींची. हे तिसऱ्या दिशी बाभळीत घावले.

तुझी गाय आपल्या पायानं माघारी आली. तू मला कवाच काय बोलली न्हाईस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

काल फोनवर म्हणालीस, गावानं नवी रेघ मारायची ठरवलंय, पाण्याच्या टाकीवर, "अक्का, तुमच्या हातानं मारा, या." म्या येत न्हाय. मारू नका. जुनीबी खरवडून टाका. रेघ असली की माणूस तिच्या भरवशावर बसतंय.

नात इचारती, आज्जी, तुझं गाव कसं हाय? काय सांगू? डोळ्याम्होरं गोठा येतो, आन माझेच हात गाठ आवळत असत्यात. दुसरं काय येत न्हाय.

हितं ग्यालरीत कपड्याची दोरी हाय. पोरगं म्हणतं, आय, नीट बांध. म्या नुसती गुंडाळते. वारं सुटलं की कपडे खाली पडत्यात. खाली जाते, गोळा करते, परत धुते.