धुतलेला डबा

नायगावची चाळ सोडली त्या दिवशी बाबांनी माझ्या हातात डबा दिला. विमानात जेवण देतात, असं मी दोनदा सांगितलं, पण त्यांनी ऐकलं नाही. गिरणीत न्यायचे तोच, एका बाजूने चेपलेला पितळी डबा. आईने त्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी भरली होती. गॅलरीत अख्खा मजला जमला होता. कुणी रडत होतं, कुणी तिकडच्या थंडीची भीती घालत होतं, आणि आई तिच्या मालवणीत एकच विचारत होती, "डबो घेतलंस मां?"

तुम्ही जे तिथे राहिलात आणि माझ्यासारखे जे इकडे आलात, त्या सगळ्यांना मला या डब्याचं सांगायचंय. डोकं तापलेलं आहे, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

बाबा बदली कामगार होते. म्हणजे रोज सकाळी भोंग्याच्या आधी गिरणीच्या गेटवर जाऊन उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कुणी खाडा केला तर त्याच्या जागी आत घ्यायचे, नाहीतर परत. उभं राहिल्याचे पैसे नाहीत. असं वर्षानुवर्षं. काम मिळालं नाही की बाबा सरळ घरी येत नसत, कारण भरलेला डबा घेऊन जिना चढलं की सगळ्या मजल्याला कळायचं. मग ते गिरणीच्या मागच्या भिंतीच्या आडोशाला बसून जेवायचे, नळावर डबा स्वच्छ धुवायचे आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी यायचे. आईला फसवणं मात्र जमलं नाही. काम असलं की डबा खरकटाच यायचा, कारण साच्यांवरून, म्हणजे मागांवरून, उठून भांडी घासायला सवड कुणाला असते? धुतलेला डबा हातात आला की ती रात्री भात थोडा कमी लावायची. मी लहान होते, पण कमी भात मला कळायचा.

संप झाला तेव्हा बाबा पहिल्या दिवसापासून संपात. शेजारचे हसले. "अरे, तू बदली. तुझा कसला संप?" बाबा म्हणाले, "एरवी माका कोण मोजता? संपात तरी मोजतले." पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. गिरण्या गेल्या, बाबा कुठल्या कुठल्या दारांवर वॉचमन म्हणून बसले, आईने खाणावळ काढली, मी नर्सिंग शिकले आणि एका वृद्धाश्रमात नोकरी धरून इंग्लंडात लँकेशायरला आले. इथेही एकेकाळी गिरण्या होत्या, आणि इथेही त्यांचे फ्लॅट झालेत. परळला जाऊन आलेल्या माणसाला त्यात नवल ते काय वाटणार?

तो वृद्धाश्रम पुढे बंद पडला. आता मी एका कंपनीतर्फे घरोघरी जाते, म्हाताऱ्या माणसांना उठवते, अंघोळ घालते, भरवते. प्रत्येकाच्या दारातल्या कंपनीच्या चकतीला फोन लावला की माझा तास सुरू, बाहेर पडताना लावला की बंद. एका घरातून दुसऱ्या घरी जायला बस लागते. त्या बसची वाट बघायची, गारठ्यात, ती चुकली तर पुढचीची. त्या सगळ्या वेळेचा पगार नाही. दाराच्या आत मी कामगार, दाराबाहेर मी फिरायला निघालेली बाई. अंधार असताना घर सोडते, अंधार पडल्यावर परत येते, आणि कागदावर माझी नोकरी अर्धवेळ.

मध्यंतरी आम्ही बायकांनी मागणी केली की बसचा वेळ कामात धरा. मॅनेजरने सभा घेतली, बिस्किटं ठेवली आणि भिंतीवर आकडे लावले. काउंटीतला, म्हणजे इथल्या जिल्ह्यातला, माणूस आठवड्याला सरासरी किती तास काम करतो, तासाला सरासरी किती कमावतो. मग अगदी गोड आवाजात म्हणाला, तुमचा दर सरासरीच्या आसपासच आहे, आणि तास तर तुम्ही सरासरीपेक्षा कमीच करता. तक्रार कसली? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमचे तास कापणारा तूच, आणि ते कमी आहेत म्हणून आम्हालाच ऐकवणाराही तूच? त्या सरासरीत बंगल्यातला डॉक्टर आहे आणि त्याच्या आईचे पाय धुणारी मीही आहे. दोघांना एका भांड्यात ढवळायचं आणि वर म्हणायचं, बघा, चव छान आहे. मी उभी राहिले आणि माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "बसस्टॉपवर मी कुणासाठी उभी असते?" बिस्किटं तशीच राहिली.

पुढच्या आठवड्यात माझा फोन गप्प झाला. एकही घर नाही. मला काढलं नव्हतं हं, फक्त बोलावलं नव्हतं. इतकी वर्षं इंग्लंडात काढून मी काय झाले होते? बदली.

आईला फोन केला. चाळ पाडताहेत, ती भाड्याच्या खोलीत राहते. बाबा आता नाहीत. सगळं ऐकून ती म्हणाली, "मगे गेटार जाऊन उभी रव. डबो घेऊन जा." इकडे काम फोनवर येतं, गेटबिट काही नसतं, हे मी तिला सांगितलं नाही. खरं तर मलाही दुसरं काही सुचत नव्हतं.

मी गेले. कंपनीच्या ऑफिससमोर रोज सकाळी उभी राहू लागले. पहिल्या दिवशी मॅनेजरला वाटलं मी अपॉइंटमेंटची तारीख चुकले. माझ्या सोबतिणीही आधी हसल्या, मग त्यातली एक पोलिश बाई फेरीवर जाण्याआधी येऊन शेजारी उभी राहिली. मग आणखी दोघी आल्या. बसचा वेळ अजून कुणी कामात धरलेला नाही, आणि उद्या धरतील असंही मला वाटत नाही. आईने मात्र काल विचारलं, दुपारी जेवतेस कुठे. ऑफिसच्या पायरीवर, मी म्हटलं. ती म्हणाली, "डबो थंयसर धुवू नको. तसोच घराक ने."

घर म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. नायगावची ती खोली आता नाही, पण तिथली बाई अजून माझ्या डब्याकडे बघते आहे. बाबा भिंतीच्या आडोशाला बसून जेवायचे. मी आज मॅनेजरच्या काचेसमोर बसून जेवले, आणि खरकटा डबा घेऊन घरी आले.