माझा आवाज, माझ्या पाठीमागून

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही — आईला तर नाहीच.

मी मुळात कमी बोलते. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी आमच्या झरी गावातल्या लोकांना पाहुण्यासारखं वाटतं, म्हणून गप्प राहायची सवय लागली. गावात माझा आवाज फारसा कुणाच्या ओळखीचा नाही. तेच तर — पण थांबा, आधी पोत्याचं सांगते.

पेरणीआधी पप्पा सोयाबीनचे मूठभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवतात, उगवतात का बघायला. त्या वर्षी पोतं मी उलगडलं. कोंब जवळजवळ नव्हतेच. दाणे फुगलेले, फिकट, मिटलेल्या डोळ्यांसारखे. बियाण्याचं दुकान माझ्या मामांचं. त्यांनी आमच्या पिशव्या गुपचूप बदलून दिल्या. गावाला आम्ही सांगितलं नाही. गावाने तेच पेरलं, आणि शेतं काळीच राहिली.

ते बियाणं बनवणाऱ्या कंपनीचं नाव कुठे नव्हतं? जत्रेच्या कमानीवर, मुलांच्या दप्तरांवर, दोन्ही पक्षांच्या नेत्यांच्या वाढदिवसाच्या बॅनरवर. सगळीकडे होतं, म्हणूनच कदाचित कुणाला दिसत नव्हतं. दोष द्यायला लोक दुसरंच कुणीतरी शोधायला लागले. ते कुणीतरी मी पुरवलं.

कंपनीच्या माणसाने लिहिलेला मजकूर मामांनी मला पाठवला. तुझा आवाज शहरातला वाटतो, लोक विश्वास ठेवतील, म्हणाले. मी दार लावून तो वाचला, रेकॉर्ड केला — फेरीवाल्या बायका बांधावर पूड टाकतात, बियाणं जमिनीतच मरतं, सावध राहा. जबरदस्ती झाली का? नाही. उलट, मला बरं वाटलं. पहिल्यांदाच कुणाला तरी माझा आवाज हवा होता.

मग मोबाइलमोबाइलमधून तो सगळीकडे होता. पारावर, गिरणीत. पूर्णेच्या बसमध्ये मी ओठ मिटून बसलेली — आणि मागच्या सीटवरून मीच बोलत होते.

आमच्याकडे बांगड्या भरायला शकीला खाला यायच्या. माझा हात मऊ करता करता त्या मला बोलतं करायच्या. त्यांच्याशी मी खूप बोलायचे. त्या दिवशी त्यांनी उंबऱ्याशी टोपली टेकवली, आणि आईने त्यांच्याकडे बघत मोबाइलवर तेच रेकॉर्डिंग मोठ्याने लावलं; आवाज तिने ओळखला होता का, मी कधी विचारलं नाही. खालांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग आईकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"आवाज लय साफ हाय पोरीचा," एवढंच म्हणाल्या.

मी खाली बघत राहिले. वेशीपाशी पोरांनी त्यांना अडवलं, पूड शोधायला टोपली उलटी केली. बांगड्यांचा चुरा रस्त्यावर बरेच दिवस चमकत होता. खाला पुन्हा आल्या नाहीत. बियाण्याची तक्रारही कुणी केली नाही.

काल पोखर्णीच्या स्टँडवर शेजारच्या बाईच्या मोबाइलमधून तो आवाज पुन्हा आला. शब्द तेच, श्वास घ्यायच्या जागाही त्याच.

"खरं आसंल का हो, ताई?" तिने विचारलं.

उत्तर दिलं असतं तर तिला दोन्ही आवाज एकदम ऐकू आले असते. मी तोंड उघडलं नाही.