अकरा पिल्लांसाठी खणलेला खड्डा

सोजरबाईला काहीही सांगा, ती आधी ‘नाही’ म्हणते आणि मग काय सांगितलं ते ऐकून घेते. मला हा स्वभाव पसंत आहे. इंद्रवेल्लीच्या अलीकडच्या आमच्या गावात मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. ‘हो बाई, हो बाई’ म्हणून पुढे मनातलंच करणाऱ्यांनी मला जेवढं दमवलं, तेवढं भांडणाऱ्यांनी कधी दमवलं नाही.

साठी उलटलेली बाई. नवरा गेल्यावर तीन एकर कापूस आणि ज्वारी हिनेच ओढली. मुलगा अमर लग्नाचा झालाय, पण अजून आईच्या भुवईकडे बघून बोलतो. आणि तिच्या कोंबड्या. शेतात तिला कोणीही सल्ला द्यावा, कोंबड्यांच्या बाबतीत मात्र तोंड बंद ठेवावं.

गेल्या डिसेंबरात थंडीने कहर केला होता. तिच्या भुरी नावाच्या कोंबडीने बारा पिल्लं काढली. सहाव्या दिवशी सकाळी त्यातलं एक मरून पडलेलं होतं. दुसरं पिसं फुगवून, पंख सोडून, डोळे मिटून बसलेलं. मधूनमधून कुंथायचं आणि कुंथताना चिरकायचं. मागे शेपटीखाली पांढरा खडा वाळून घट्ट बसला होता.

अमर भगवंतरावांच्या कोंबड्यांच्या शेडवर कामाला आहे. शेड घरापासून दोनशे पावलांवर. या शहाण्याने जाताच तिथे ही बातमी सांगितली. नऊ वाजता भगवंतराव स्वतः कुंपणाशी हजर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडे नवीन पिल्लांची गाडी येणार होती. त्यांनी लांबूनच ठरवून टाकलं की ही मानमोडी आहे, साथीचा रोग आहे. उरलेली अकरा पिल्लं आणि भुरी संध्याकाळपर्यंत पुरून टाका, नाहीतर अमरने उद्यापासून कामावर येऊ नये. अमरने टिकाव उचलला आणि न्हाणीशेजारी, कुंपणालगत खणायला लागला.

“खण,” सोजरबाई म्हणाली. “मातीले हवा लागंल. पिल्लं मी देत नाही.”

मग तिने मला हाक मारली. सल्ल्यासाठी नाही. पिल्लू धरायला एक जास्तीचा हात हवा होता म्हणून.

मी चष्मा लावला. पिल्लाच्या पोटाखाली एक काळा वाळका दोरा लोंबत होता. तीही वाळलेली शीच असणार असं समजून मी तो नखाने ओढायला गेले, तर माझ्या हातावर चापट बसली.

“बाई, ते बेंबी व्हय. ओढली त आतडं बाहीर येईन. मागची वाट वर हाय, शेपटीखाली.”

मुलांकडून अंड्याच्या किती आकृत्या मी काढून घेतल्या असतील! त्यातल्या एकाही पिल्लाला बेंबी नव्हती.

तिने जुन्या लुगड्याची चिंधी कोमट पाण्यात बुडवली आणि खडा नुसता भिजवत राहिली. ओढलं की कातडी सोलून येते, म्हणून ओढायचं नाही. खडा विरघळून आपोआप सुटू द्यायचा. सुटल्यावर तिने चुलीच्या उबेला पिल्लू कोरडं केलं आणि लाल झालेल्या जागेभोवती तिळाच्या तेलाचं बोट फिरवलं. झालं, असं मला वाटलं. तिला वाटलं नाही. पिल्लू कुंथत होतं, पण बाहेर काहीच येत नव्हतं. तिने त्याच्या गळ्याखालची पिशवी चाचपली. कोंबडी दाणा आधी तिथेच साठवते, आणि रात्रभरात ती रिकामी व्हायला पाहिजे. ती तर बोरासारखी टणक लागली.

“सकाळपासून दाणा दिला नाही,” ती म्हणाली, “मंग हे भरलं काऊन?”

दुपारी भगवंतराव पुन्हा आले, दोन माणसं घेऊन. खड्डा तयार बघून त्यांना बरं वाटलं असावं. मला म्हणाले, म्याडम, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच समजवा हिला. मी त्यांना सांगितलं की शिकलेल्या बाईने सकाळीच पिल्लाची बेंबी उपटायला घेतली होती, तेव्हा मला यात धरू नका.

सोजरबाई आत गेली. मेलेलं पिल्लू तिने पळसाच्या पानात गुंडाळून ठेवलं होतं. ते आणलं, पाटावर ठेवलं आणि विळीच्या टोकाने गळ्याखालची पिशवी चिरली. भगवंतरावांनी तोंड फिरवलं. आतून पिवळट ओला गोळा निघाला. तिने तो नखाने धरून ओढला, तर त्याचा धागा व्हायला लागला.

कापूस होता तो.

शेवटच्या वेचणीतला किडका, डागी कापूस कोणी घेत नाही. आमच्याकडे त्याला कवडी म्हणतात. ती घरातच पडून असते. बाळंतिणीच्या लेकराला इथे कापसावर निजवतात. थंडी बघून सोजरबाईने तीच माया पिल्लांना लावली आणि त्यांना रात्री झाकायच्या डाल्याखाली कवडी अंथरली. पिल्लांना निजणं आणि टोचून गिळणं यातला फरक कळत नाही. इथे दुसरी कोणी असती तर नजर लागली म्हणाली असती, शेजारणीचं नाव घेतलं असतं.

“हे मायं काम,” ती म्हणाली. “म्याच हातरला.” मग भगवंतरावांकडे वळून म्हणाली, “भाऊ, कापूस हाय हा. कापसाची लागण होत नाही.”

मेलेल्याचं समजलं, ते म्हणाले, पण जित्याचं काय? प्रश्न रास्त होता, हे मलाही कबूल करावं लागलं.

“बसा. दाखवते.”

डाल्याखालची सगळी कवडी तिने काढून टाकली आणि तिथे पोतं अंथरलं. आजारी पिल्लाच्या चोचीच्या कडेला कोमट पाण्याचे दोन थेंब आणि तेलाचा एक थेंब लावला. तोंडात ओतायचं नाही, श्वासात जातं. दोन बोटांनी पिशवी हलकेच मळली, थांबली, पुन्हा थेंब, पुन्हा मळणं. पिल्लू उलटं धरून झटका, म्हणजे गोळा तोंडातून पडेल, असं भगवंतरावांनी सुचवलं.

“आधी तुमाले टांगून पाहू का, भाऊ?” ती मान वर न करता म्हणाली. बरोबर आलेली दोन्ही माणसं हसली. भगवंतराव खाटेवर बसले, आणि दिलेला चहा त्यांनी घेतला.

चार वाजेपर्यंत पिशवी मळलेल्या कणकेसारखी मऊ झाली होती. पिल्लाने डोळे उघडले, मान ताणली, मागे दोन पावलं सरकलं. खड्ड्याच्या कडेवर बसलेल्या अमरला ते सगळ्यांच्या आधी दिसलं.

“माय, हागलं.”

भगवंतराव उठले, वाकले, काडीने उकलून बघितलं. काळपट हिरव्यात कापसाच्या तंतूंची गोळी होती. पिल्लू तोवर परातीतल्या पाण्याशी गेलं होतं.

हार मानणं त्यांनाही जमत नाही. पिल्लं आठ दिवस डाल्याखालीच ठेवा, म्हणाले, आणि अमरने पाय धुऊन, चपला बदलून शेडमध्ये यावं. सोजरबाई आधी ‘नाही’ म्हणाली. मग तिने ऐकून घेतलं.

“हे बराबर हाय,” ती म्हणाली. “हे सकाळीच सांगतलं असतं त खड्डा काऊन खणाचा?”

तपासल्यावर आणखी तीन पिल्लांच्या पिशव्या घट्ट निघाल्या. त्यातली दोन वाचली, एक गेलं. तेही तिने चिरून बघितलं आणि आतला कापूस पानावर ठेवून भगवंतरावांच्या घरी दाखवायला पाठवला. अमर कामावर आहे, चपला बदलतो.

त्या संध्याकाळी अमर खड्डा बुजवायला निघाला तेव्हा तिने त्याला अडवलं. चिरलेलं पिल्लू तळाशी ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माती लोटून वर शेवग्याची फांदी लावली. आता ती कुंपणाच्या वर गेली आहे. भगवंतरावांच्या शेडला जाणारी वाट तिथूनच जाते, आणि ही भलत्याच जागी कोणी लावली असं येणारा-जाणारा विचारतो. सोजरबाई हातातलं काम सोडून कुंपणाशी येते.

“लावली म्या,” ती सांगते. “खड्डा भगवंतभाऊनं खणाले लावला.”