पाचवं वर्तुळ

या ग्रुपवरचे अनुभव मी बरेच दिवस नुसते वाचतेय. आज लिहितेय, तेही लिहू की नको असं करत करत... आमच्या घरात भूत, बाधा, अंगारा असलं काही नाही. समजलं नाही तर विचारायचं, घाबरायचं नाही, असं पप्पांनी लहानपणीच शिकवलंय. म्हणून विचारतेय.

मी छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरातून कॉलेजपर्यंत गेलेली मी पहिलीच. मुकुंदवाडीत आमच्या दोन खोल्या आहेत. पप्पा शेंद्र्याला एका कारखान्यात पत्रा दाबायचं प्रेस मशीन चालवायचे. तीन वर्षांपूर्वी त्या प्रेसखाली त्यांच्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट गेलं — पार मुळापासून. आता ते गेटवर बसतात. पण ते नसलेलं बोट त्यांना दुखतं. डॉक्टर म्हणाले, होतं असं, मेंदूला सवय असते. पप्पा म्हणायचे, "दुखू दे, त्याचं काय नाय. पण ते अजून दाबलेलंच हाय असं वाटतं." हात कायम खिशात.

माझा प्रोजेक्ट मोठ्या टॅबलेटवरचा होता. दोन ॲप शेजारी शेजारी उघडायला उगाच चार-पाच ठिकाणी दाबावं लागतं, म्हणून मी एक सोपी खूण ठरवली. पाची बोटं स्क्रीनवर टेकवायची आणि बरणीचं झाकण लावतो तसा हात उजवीकडे फिरवायचा, की स्क्रीनचे दोन भाग होतात. कुठलं बोट कुठं टेकलंय ते कळावं म्हणून प्रत्येक बोटाखाली निळं वर्तुळ उमटायचं. वर्गातल्या आठ जणांना जमलं. प्रोजेक्टच्या मॅडम म्हणाल्या, "हे सगळे तुझ्याच वयाचे. घरातल्या कुणाला तरी देऊन बघ."

मी सरळ पप्पांसमोर टॅबलेट ठेवला. चार महिने मी पाच बोटांच्या खुणेवर काम करत होते आणि आपल्या बापाला चारच आहेत हे एकदाही मनात आलं नव्हतं. त्यांनी खिशातून हात काढला तेव्हा आलं. लिहितानाही लाज वाटते.

रविवार होता, दुपारचे साडेबारा. विहारातून नुकतेच आलो होतो. आई आत भाकरी थापत होती.

"राहू द्या पप्पा, दुसरं कुणीतरी—"

"का? चार बोटांची माणसं मोबाईल वापरत नाय का?"

"डाव्या हातानं करा की," आई आतून म्हणाली.

"डाव्यानं केलं तर तिची मॅडम म्हणल, बापानं कॉपी केली."

आणि त्यांनी उजवा हात टेकवला. चार वर्तुळं उमटली. आता 'पाच बोटं टेकवा' अशी सूचना यायला हवी होती. तेवढ्यात पाचवं उमटलं. अंगठा आणि मधल्या बोटाच्या मधल्या रिकाम्या जागेत, थोडं पुढं, जिथं त्या बोटाचं टोक आलं असतं तिथं. त्याच्यावर काहीच नव्हतं. पप्पांनी हात फिरवला. स्क्रीनचे दोन भाग झाले.

"जमलं की," ते हसले आणि हात उचलला.

चार वर्तुळं गेली. पाचवं राहिलं.

ओलाव्यानं किंवा चार्जरमुळं स्क्रीनला खोटे स्पर्श जाणवतात, हे मला माहीत आहे. चार्जर लावलेला नव्हता. ओढणीनं काच पुसली. वर्तुळ तिथंच. बाकी काहीच चालेना, कारण सगळी बोटं उचलल्याशिवाय दुसरं काही चालू द्यायचं नाही, असं मीच लिहून ठेवलं होतं. मी बंद करायचं बटण शोधायला लागले.

"बंद करू नको."

बघितलं तर पप्पांचा हात काचेच्या वर वीतभर, तसाच अधांतरी. कपाळावर घाम.

"हात घ्या ना मागं."

"येत नाय माय."

मी मनगट धरून ओढलं. हात कशालाच चिकटलेला नव्हता... पण ते असे कण्हले की मी सोडून दिला.

"पप्पा, बंद करते. सगळं सुटेल."

"बोट अडकलं तवा बी कारखान्यातल्यांनी लाईट बंद केली. लाईट गेली की प्रेस वर येत नाय. हाय तिथंच थांबतं. खालीच."

हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. आई पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली होती. तिनंच विचारलं, "मग निघालं कसं?"

तीन वर्षांत आम्ही दोघींनीही हे विचारलं नव्हतं.

"प्रेसचं चाक उलटं फिरवलं. दोघांनी मिळून. हातानं."

मी म्हणाले, "मग फिरवा उलटं." खरं तर डावीकडे फिरवण्याचं मी काही लिहिलेलंच नव्हतं. पप्पांनी हवेतच, कशालाही न शिवता, हात डावीकडे वळवायला घेतला. आणि काचेवरचं वर्तुळ त्याच्याबरोबर सरकायला लागलं. मध्येच अडलं. पप्पा दात आवळून स्वतःलाच म्हणत होते, "दमानं... दमानं." आईनं मागून त्यांचं कोपर धरलं. मी नुसतं "अजून थोडं" म्हणत राहिले, दुसरं सुचतच नव्हतं. एकदम वर्तुळ गेलं. हात मांडीवर पडला. स्क्रीन पुन्हा एक झाली.

आईनं भाकरीची परात तशीच बाजूला सारली आणि त्यांच्याजवळ बसली.

नंतर मी टॅबलेटमधल्या स्पर्शांच्या नोंदी उघडल्या. पाच स्पर्श टेकलेले. चार लगेच उचललेले. पाचवा उचलला गेला अकरा मिनिटांनी.

मॅडमना मी एवढंच सांगितलं की एक नोंद विचित्र आलीय. त्या म्हणाल्या, ओलावा असेल, काढून टाक. मी काढली. खूणही बदलली, आता कुठल्याही दोन बोटांनी होते. माझं तेच बोट मुडपून मी कितीतरी वेळा करून पाहिलं. दर वेळी चारच वर्तुळं. पप्पांना परत करायला सांगायची हिंमत झाली नाही. टच स्क्रीनमधलं इथं कुणाला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल तर जरूर सांगा.

त्या दिवसापासून पप्पांचं बोट दुखायचं थांबलं, असं लिहायला मला आवडलं असतं. पण ते खरं नाही. परवा गार वारं सुटलं तेव्हा हात चोळत बसले होते. मी विचारलं, "अजून दाबलेलंय का?"

त्यांनी थोडा वेळ हाताकडं बघितलं.

"नाय," म्हणाले. "आता नुसतं दुखतं."