थांब, हाताला विचारतो

कोणी काहीही मागितलं की तो आधी डोळे मिटायचा, उजवा हात खांद्याएवढा वर करायचा आणि म्हणायचा, "थांब, हाताला विचारतो." मग हात पुढे आणि तो मागे, असा रॅकांमधून चालत जायचा आणि नेमक्या कप्प्यातून वस्तू काढून आणायचा. तुमच्याही कामावर असा एकजण असेल. नसेल तर तुम्ही सुखी आहात.

अंबडच्या एका कारखान्यात, स्टोअरला, आम्ही दोघं एकाच आठवड्यात लागलो. मी सायखेड्याचा, बी.कॉम., आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिला. पदवी घेतानाचा माझा फोटो वडिलांनी देव्हाऱ्याशेजारी लावलाय. तो वणीकडचा, आयटीआय झालेला. स्टोअर म्हणजे पत्र्याची लांबच लांब खोली, रॅकांच्या रांगा आणि समोर एक खिडकी. खिडकीच्या आत आम्ही दोघंच. बाकी कोणाला आत पाऊल टाकायची परवानगी नाही. हे लक्षात ठेवा.

मी कॉम्प्युटरवर नंबर टाकून जागा शोधेपर्यंत त्याचा हात वस्तू घेऊन परत आलेला असायचा. "काय ग्रॅज्युएट, उघडलं का तुझं मशीन?" तो विचारायचा. चिडवण्यात खोट नव्हती, म्हणून जास्त लागायचं.

एकदा लेथवरचे काका खिडकीशी आले. वडिलांच्या वयाचे. मी स्लिप घ्यायला हात पुढे केला तर त्यांनी स्लिप मागे ओढली. "तू राहू दे. तो चहाला गेलाय ना? थांबतो मी." आणि थांबले. मी स्क्रीनकडे बघत बसलो. त्यांना हवी होती ती वस्तू कुठल्या रॅकवर आहे, ते स्क्रीनवर दिसत होतं.

मला त्याचं कौतुक वाटायचं असं मी लिहिणार नाही. मी जळायचो. ज्याला तीन वर्षं अकाउंट्सची पुस्तकं घासावी लागली नाहीत, त्याच्याकडे ते कसब असावं आणि माझ्याकडे नसावं, हे मला पटायचंच नाही.

मग एका उन्हाळ्यात तो बदलायला लागला. कँटीनमधलं जेवण न खाता परत करायचा. एकदा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "कप्प्यांवरचे हे नंबर कोण लिहितं रे? तू?"

"कंपनी लिहिते."

"मग माझ्या घरातलं कंपनीला कसं कळतं?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. मी हसलो. आठवड्याभरात, भर दुपारी, तो रॅकांवरची लेबलं ओरबाडायला लागला. रडत होता आणि काढत होता. पहिल्यांदाच नियम मोडून काका आत आले, त्यांनी त्याला मागून घट्ट मिठी मारली, तेव्हा तो थांबला. त्याचा भाऊ येऊन त्याला घेऊन गेला. डॉक्टरांनी सांगितलं, सायकोसिसचा, म्हणजे भास-भ्रमांच्या आजाराचा, पहिला झटका आहे, उपचार आहेत, पण वेळ लागेल.

तो तीन महिने नव्हता. लेबलं गेलीच होती, म्हणून मी अख्खं स्टोअर नव्याने लावलं. कॉम्प्युटरमधल्या नंबरांच्या क्रमाने, एकामागून एक. साहेब म्हणाले, "शिकलेल्या माणसाचं काम दिसतंय." हे वाक्य मी त्याच संध्याकाळी घरी फोन करून सांगितलं. पण खिडकीशी येणारा प्रत्येकजण वस्तू घेता घेता विचारायचा, "तो कधी येणार?" आजारी माणसावरही जळता येतं, हे मला तेव्हा कळलं.

तो परत आला तेव्हा आई सोबत होती. अंगाने भरला होता, पावलं जड पडत होती. आई खिडकीतून मला म्हणाली, "भाऊ, एका टायमाला त्याला एकच काम सांगा. दोन सांगितली का पहिलं निसटून जातं. डॉक्टर म्हणले, हळूहळू व्हईल. तुमच्यावर लय भरवसा हाय त्याचा."

खरंच निसटायचं. वाक्याच्या मध्येच थांबून विचारायचा, "मी काय म्हणत होतो?" सकाळी कोण भेटलं ते दुपारी आठवायचं नाही. एकदा माझ्यासाठी चहा घेऊन निघाला आणि दोन्ही कप वाटेत स्वतःच पिऊन आला. म्हणाला, "दोन्ही हातांत चहा बघून वाटलं, आज माझा वाढदिवस असेल." खिशात एक छोटी वही ठेवायचा, तिला दोऱ्याने पेन बांधलेलं. त्या उन्हाळ्यातलं त्याला फारसं काही आठवत नव्हतं, आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून लेबलांचा विषय कोणी काढत नव्हतं.

साहेबांनी मला विचारलं, "नवीन मांडणी दाखवलीस ना त्याला?"

"हो साहेब."

नव्हती दाखवली. मांडणीचा कागद, जुन्या जागा आणि त्यांच्यासमोर नव्या, माझ्या ड्रॉवरमध्ये होता.

तो परतला त्या पहिल्याच दिवशी काका बेअरिंग मागायला आले. याने डोळे मिटले, हात वर केला, "थांबा काका, हाताला विचारतो." हात त्याला तिसऱ्या रॅकपाशी घेऊन गेला. बेअरिंग तिथेच असायचं. आता तिथे सर्क्लिपच्या पातळ कड्या होत्या. त्याने लेबल वाचलं, परत वाचलं. हात कप्प्यातच राहिला.

"काका, हात चुकला."

"असू दे रे राजा."

मी उठलो, अकराव्या रॅकवरून बेअरिंग आणून दिलं. "शाब्बास," काका मला म्हणाले. तीन वर्षांत पहिल्यांदा. मला काय वाटलं ते खरं सांगतो. गोड वाटलं.

असे नऊ दिवस गेले. हात जुन्या जागी जायचा, तिथे भलतंच निघायचं, तो वहीत काहीतरी लिहायचा. पुढे पुढे डोळे मिटणंच त्याने सोडलं. नुसता उभा राहायचा, परक्याच्या घरात उभं राहतात तसा.

दहाव्या दिवशी जेवताना म्हणाला, "साहेब मला पॅकिंगला टाकणारेत. बरोबरच आहे त्यांचं." आणि वही माझ्यापुढे सरकवली. पानामागून पान एकच होतं. वस्तूचं नाव, पुढे 'हात चुकला'. वस्तूचं नाव, 'हात चुकला'. "गोळ्यांनी सगळं पुसून टाकलं बघ. आजपासून बंद करतोय."

"डॉक्टरांना विचारलंस?"

"बेअरिंग कुठे असतं ते डॉक्टरांना माहितीये का?"

दुपारची गोळी डब्याच्या झाकणात पडली होती. तो ती बोटाने इकडून तिकडे ढकलत होता. आणि मला ते ओरबाडणारे हात दिसले, काकांची मिठी दिसली, भरवसा हाय म्हणणारी आई दिसली. मी उठलो, ड्रॉवरमधला कागद आणला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला.

"हात चुकला नाही. रॅक मी बदललेत. तू नव्हतास तेव्हा."

तो बराच वेळ कागद वाचत राहिला. मग म्हणाला, "सांगितलं का नाहीस?"

एवढा सोपा प्रश्न मला कुठल्या परीक्षेत आला नव्हता. "जळत होतो तुझ्यावर," मी म्हणालो.

"माझ्यावर?" त्याने स्वतःकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आत्तासुद्धा?"

"हो."

"मग तू पण दाखव रे डॉक्टरला."

तो हसला आणि हसता हसताच त्याचे डोळे भरले. वही ओढून घेऊन लिहायला लागला. "हे लिहून घेतो. उद्या विसरलो तर तुझ्यावर परत विश्वास ठेवीन." मग कागद आणि वही शेजारी शेजारी ठेवून एकेक 'हात चुकला' तपासलं आणि खोडलं. सगळी नाही खोडली, काही वस्तूंची जागा बदललीच नव्हती. जी उरली त्यांच्यावर बोट ठेवून म्हणाला, "ही मात्र माझी. ही राहू दे." आणि झाकणातली गोळी घेतली, माझ्या बाटलीतल्या पाण्याने.

साहेबांना मी त्याच दुपारी सांगितलं. त्यांनी त्याच्या पॅकिंगच्या बदलीचा कागद फाडला आणि पुढची फाइल उघडली. मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

तिसरा रॅक मी पूर्वीसारखा लावून दिला. त्या एका रॅकवर तो पुन्हा डोळे मिटून चालायचा. बाकीच्या जागा मात्र किती वेळा पाठ केल्या तरी दुसऱ्या दिवशी कोऱ्या. लेबल वाचून, वहीत बघून, सावकाश द्यायचा. खिडकीशी रांग लागायची. तरी कोणी माझ्याकडे स्लिप सरकवायचं नाही. थांबायचे.

वर्षभराने त्याच्या भावाने वणीला ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान टाकलं आणि तो तिकडे गेला. "सातच रॅक आहेत," तो जाताना म्हणाला, "आणि लावणार मी." गोळ्या चालू आहेत, असं त्याच्या आईने मध्यंतरी फोनवर सांगितलं. हेही म्हणाली, की गिऱ्हाईक त्याच्यासाठी थांबतं.

स्टोअर इन्चार्ज आता मी आहे. तपासणीला येणारा प्रत्येकजण विचारतो, हा तिसरा रॅक क्रमात का नाही? मी म्हणतो, बघतो, करून घेतो. करत नाही. कधी सर्व्हर बंद पडतो, खिडकीशी माणसं जमतात. मी आत जातो, कोणी बघत नाही ना ते पाहतो, तिसऱ्या रॅकसमोर डोळे मिटतो आणि उजवा हात वर करतो.

हात तसाच वर राहतो.