नगरपालिकेच्या पायऱ्यांवरची ओटी

मुलगी बेल्जियममध्ये आहे आणि तिला नववा लागलाय, या दोन्ही गोष्टींची काळजी आमच्या घरात बायको करते. माझ्याकडे सामान उचलण्याचं खातं आहे. बायकोच्या माहेरी, बोरीला, रीत अशी की लेक ज्या गावात बाळंत होणार, त्या गावच्या देवीची आईनं आधी ओटी भरायची. नाही भरली तर काय होतं, हे तिथं कुणी सांगत नाही. नुसते डोळे मोठे करतात. त्यामुळे जिंतूरहून निघताना बॅगेत खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी आधी गेली. माझा स्वेटर राहिला.

तिथं पोचल्यावर आठ दिवस देवीच सापडेना. मुलगी म्हणे, "आई, इथं असं काही नसतं."

"गाव हाय म्हणल्यावर देवी हायच. तुला माहीत न्हाई, एवढंच."

डॉक्टरांनी तर 'आता कधीही' असं सांगून ठेवलेलं. बायकोला झोप लागेना. दुकानातून आणलेला नारळ ती रोज हलवून पाणी आहे का बघायची.

शेवटी मुलीला रोज चालायचंच होतं, म्हणून ती आम्हाला जुन्या गावातल्या चौकात घेऊन गेली. तिथली ती भव्य इमारत गॉथिक शैलीच्या उतरत्या काळातली, असं मुलगी म्हणाली. काळ उतरता असेल, पण कारागिरांना कुणी कळवलेलं दिसलं नाही. भिंतीवर वीतभर जागा मोकळी नव्हती. कमानीवर कमान, कमानीत राजा, राजाच्या डोक्यावर दगडी छत्री, छत्रीवर कळस आणि कळसाला कोबीसारखी पानं. मी मान वर करून, तोंड उघडं ठेवून बघत राहिलो. पर्यटकाचं कर्तव्य पार पडलं.

"काय देऊळ हाय!" बायको म्हणाली.

ती नगरपालिका आहे, हे मुलीनं मला सकाळी चहा पिताना सांगितलं होतं. मी गप्प बसलो. अशा संधी माणसाला वारंवार मिळत नाहीत.

मुलीचे पाय सुजले होते, ती बाकावर बसली. बायकोनं पायऱ्यांपाशी जाऊन त्या थंडीत चपला काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. शेजारच्या कोनाड्यात, हात पोचेल अशा उंचीवर, एक दगडी बाई बसली होती. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात तराजू.

"तलवार हाय. देवीच हाय."

"अन् तराजू?"

"बाजाराची देवी असंल. पिशवी धरा तुमी."

तिनं दगडी मांडीवर खण ठेवला, ओंजळीनं तांदूळ घातले, वर नारळ ठेवला. कुंकवाची डबी उघडली, तेव्हा मात्र मी पहिल्यांदा घाबरलो. तेवढ्यात आतून गणवेशातली एक धिप्पाड बाई धावत आली. मागोमाग मुलगी, पोट सावरत.

"आई, ती म्हणते हे उचला! अगं, ही नगरपालिका आहे. बाबांना सांगितलं होतं की मी!"

बायको हळूच माझ्याकडे वळली. "तुमाला माहीत होतं?"

"कानावर आलं होतं."

"लेकीचे दिवस भरले, माझ्या जिवाला घोर लागला, आन् तुमी गंमत बघायलात?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी गंमत तिथंच आटोपली. गणवेशवाली बोट दाखवत होती. बायकोनं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि तिला शुद्ध मराठीत सुनावलं, "भरलेली ओटी परत घेत नसतेत, बाई."

गणवेशवालीला काय कळलं कोण जाणे. तिनं एक सुस्कारा सोडला, तांदळासकट खणाची मोटळी बांधली, वर नारळ घेतला आणि रिकामे हात शोधले. माझ्या हातात चपला आणि पिशवी. राहिली मुलगी. तिनं नकळत ओव्हरकोटाचा घोळ पुढे केला आणि गणवेशवालीनं सगळं त्यात ठेवून दिलं.

बायको बघतच राहिली. "दिली," ती म्हणाली. "देवीच्या मांडीवरचं सरळ लेकीच्या ओटीत!" आणि कुणी काही बोलायच्या आत तिनं गणवेशवालीच्या कपाळाला कुंकू लावून खाली वाकून नमस्कार केला. त्या बाईनं नियमात याचं उत्तर शोधलं असावं. ते नसावं, कारण तीही जराशी वाकली.

मी पिशवी पुढे केली.

"राहू द्या, बाबा," मुलगी म्हणाली, आणि नारळ पोटाशी धरून घरापर्यंत तिनंच नेला.