धर्मीआईची दळी

नव्वद सालच्या जानेवारीत मी साठ दिवसांच्या सुट्टीवर बदलापूरला उतरलो. हवालदार होतो. माझी इंजिनिअर पलटण तेव्हा सिक्कीममध्ये रस्ता कापत होती. सोबत लान्स नाईक चांगूची ट्रंक होती. आम्ही दोघं डोंगरातल्या एकाच ठाकरवाडीचे. तिथे दरड कोसळली तेव्हा डोझरवर तो होता. ट्रंक मी त्याच्या आईच्या, धर्मीआईच्या हाती दिली. तिने एवढंच विचारलं, मी जेवलो का. मला रडू आवरलं नाही.

त्याच महिन्यात वाडीला सरकारी रस्ता मंजूर झाला होता. आजाऱ्याला झोळीतून बदलापूरला न्यायचे दिवस संपणार होते. सर्व्हेला माणूस हवा होता. मी फौजी ऐटीत पुढे झालो आणि एका पडीक उतारावरून सरळ खुंट्या ठोकून दिल्या. शहाणाच मी! तो उतार म्हणजे धर्मीआईची दळी, तिचं नाचणी-वरीचं शेत. दोन-तीन पिकं घेतली की आम्ही ठाकर जमिनीला विसावा देतो, हे पंधरा वर्षांच्या नोकरीत मी विसरून बसलो होतो. सरकारी कागदात तर तिथे नुसतं जंगल होतं.

सोमवारी सकाळी सातला डोझर आला. धर्मीआई त्याच्यापुढे बसली, मागे सगळी वाडी. रस्त्याच्या इंजिनिअर साहेबांनी जमिनीचा कागद मागितला. तो कुणाकडेच नव्हता. ड्रायव्हरने गिअर टाकला.

"डोझर बंद!" मी ऑर्डर दिली. इंजिन थांबलं. मग साहेबांना म्हणालो, "चूक माझी आहे, सर. लाईन मी दिली."

धर्मीआई उठली. दगडी बांधाच्या पोटाशी तिने कोयत्याने हातभर खणलं. मातीत राखेचे काळे थर होते, एकावर एक. पेरणीआधी दरवेळी पालापाचोळ्याचा राब भाजल्याशिवाय तशी राख साचत नाही.

"रस्ता आमालाबी पायजे, सायेब," ती म्हणाली. "पन दळी मोडून त्या रस्त्यानं जायचं कुठं?"

साहेब उकिडवे बसले, माती चिमटीत घेऊन पाहिली. दुपारी वनखात्याच्या अधिकाऱ्याला बोलावून त्यांनी तोच खड्डा दाखवला. तीन वाजता पंचनाम्यात वाडीची वहिवाट मान्य झाली. नवी लाईन मी ओढ्यापलीकडून दिली, चार दिवसांत. खुंट्या वाडीनेच वाहिल्या. होळीआधी पहिली जीप वर आली आणि ढोल असे घुमले की साहेबही नाचले. आम्ही जिंकलो होतो, आणि सरकार हरलं नव्हतं.

त्या दिवशी वनखात्याच्या अधिकाऱ्यासमोर दळ्यांचे कागद झाले; लिहायला इंजिनिअर साहेबच बसले. साहेबांनी धर्मीआईला वारस विचारला.

"चांगू."

साहेब नाव लिहू लागले. मी त्यांना हळूच सांगितलं, तो आता नाही.

"म्हायतीय मला," ती म्हणाली. "सरकारचा रस्ता करताना गेला माझा पोर. सरकारच्या कागदावर त्याचं नाव पायजे."

साहेब उठून उभे राहिले. उभ्यानेच त्यांनी धर्मीच्या नावापुढे लिहिलं: लान्स नाईक चांगूची आई.